गणसंख्येअभावी

आमच्या भागातल्या लघुउद्योजकांच्या संघात एकही ठराव कधी फेटाळला गेला नाही. मतदानही झाले नाही. ज्याला ठराव मान्य नसे तो अध्यक्षांनी वाचायला सुरुवात केली की उठे, जिना उतरे आणि खालच्या हॉटेलात चहा घेत बसे. वर ठराव एकमताने मंजूर होई. मग तो परत येऊन पुढच्या विषयाला बसे. याला कोणी पळपुटेपणा म्हणत नसे. एकमेकांकडून माल घेणारे, एकमेकांच्या मुलांच्या लग्नात पंक्तीला वाढणारे हे लोक. समोरच्याच्या तोंडावर हात वर करण्यापेक्षा खाली जाणे सभ्यपणाचे, असे सगळ्यांनी धरून चालले होते. मी एका दैनिकात व्यापार-उद्योगाचे पान पाहत असे आणि या सभांना शेवटच्या रांगेत बसत असे. सुरुवातीला मला वाटले, पुण्यातल्या कारखानदारांना चहा फार लागतो.

माझे थोरले काका या संघाचे जुने सभासद. कोथरूडला सोसायट्या दाट झाल्या त्याआधीपासून तिथे त्यांची पत्र्याची लांब शेड होती. तीत हातात धरून भोके पाडायचे विजेवरचे ड्रिल तयार होई. सुतार, वायरमन, गॅरेजवाले ते वापरत. ॲल्युमिनियमचे कवच ओतून बाहेरून येई, पण पुढचे सगळे शेडमध्ये होई: मोटरीच्या तारा गुंडाळणे, गिअरचे दाते पाडणे, ज्याच्या टोकाला ड्रिलचे पाते बसते तो फिरता दांडा, म्हणजे स्पिंडल, घासून काढणे, जुळणी, चाचणी. सर्वांत शेवटी कवचावर कारखान्याच्या नावाची पितळी पट्टी बसे. विकत आणलेल्या वस्तू दोनच, बेअरिंग आणि बटण. तारा गुंडाळायला जवळच्या वस्तीतल्या बायका येत. दोघे फिटर विदर्भातून आलेले होते आणि शेडच्या मागच्या खोलीत राहत.

"पूर्ण वस्तू करतो तो कारखानदार," असे काका म्हणत. "बाकीचे शिंपी. कोणी माप द्यायचं, त्यांनी कापायचं."

हे ते मुलाच्या देखत म्हणत. माझा चुलतभाऊ, त्यांचा एकुलता मुलगा, इंजिनिअर होऊन काही वर्षे त्याच शेडमध्ये बसला आणि आयात-निर्यातीची बंधने सैल होऊ लागल्यावर भोसरीला गाळा घेऊन वेगळा झाला. भांडण झाले नाही. संगणकावर चालणाऱ्या लेथवर तो परदेशी मागणीचे सुटे भाग करू लागला. मुंबईची एक निर्यात एजन्सी त्याला ड्रॉइंग पाठवी. ड्रॉइंगवर मापे असत, धातू लिहिलेला असे आणि एक लांबलचक नंबर असे. भाग कुठल्या यंत्रात बसणार हे लिहिलेले नसे. ते विचारायचीही रीत नव्हती. विचारणारा पुरवठादार आपल्याला टाळून थेट गिऱ्हाईक गाठायला निघाला आहे, असा एजन्सीचा समज होई.

नव्वदचे दशक संपता संपता रविवार पेठेतल्या हत्यारांच्या दुकानांत पूर्वेकडच्या एका देशातून आलेली ड्रिल दिसू लागली. हिरवे प्लास्टिकचे कवच, हातात हलके. काकांचा माल वर्षानुवर्षे विकणाऱ्या एका दुकानदाराने ते त्यांच्यासमोर चालवून दाखवले. मी काकांबरोबर होते.

"आवाज चांगला आहे," काका म्हणाले.

"साहेब, तुमचं ड्रिल बापाकडून मुलाकडं जातं, मान्य आहे," दुकानदार म्हणाला. "पण आता गिऱ्हाइकाला मुलाचं काही पडलेलं नाही. त्याला परवा पडदे लावायचेत."

"मग सगळे हेच का नाही घेत?"

"आयात ड्यूटीमुळं. ड्यूटी आहे तोवर दोघांच्या भावात फारसा फरक नाही, म्हणून तुमचंही जातं. ड्यूटी गेली तर मी तुमचा फोन घेईन, पण ऑर्डर देणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो, नंतर वाईटपणा नको."

त्या देशाशी व्यापार कराराची बोलणी सुरू असल्याचे आमच्या कार्यालयात रोज वृत्तसंस्थेच्या तारेवर येत असे. दोन्ही देश कोणत्या मालावरचे आयात शुल्क उतरवणार, त्याच्या याद्या तयार होत होत्या. हातातली विजेची हत्यारे आमच्या बाजूच्या यादीत जाण्याची शक्यता होती. काकांच्या दृष्टीने प्रश्न एवढाच होता. शुल्क राहिले तर शेड चालेल, उतरले तर बंद होईल. त्यांनी हे मला सांगितले तेव्हा त्यात काही नाट्य नव्हते. पुलाखालून किती उंचीचा ट्रक जाईल हे सांगावे तसे त्यांनी सांगितले.

त्यांनी ते हिरवे ड्रिल विकत घेतले. एका रविवारी शेड बंद असताना जुळणीच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी ते खोलले. शेजारी आपलेही एक खोलून ठेवले. शुल्क ठेवावे म्हणून दिल्लीला पाठवायच्या निवेदनात बाहेरचा माल कुठे कच्चा आहे हे लिहायचे, असा त्यांचा विचार होता. चुलतभाऊ जेवायला आला होता, तो स्टुलावर बसून पाहत होता. काका एकेक भाग उचलत, भिंगाखाली धरत आणि ठेवून देत. मोटरीच्या तारा त्यांना बारीक वाटल्या. गिअर बरे वाटले. मग त्यांनी स्पिंडल उचलले आणि खाली ठेवले नाही.

काकांच्या शेडमध्ये एक पद्धत होती. स्पिंडल घासून झाले की त्याच्या मागच्या कडेवरून तेल लावलेल्या दगडाचा एक हात फिरवायचा. त्यामुळे बेअरिंग चढवताना ओरखडा पडत नाही. कुठल्याही ड्रॉइंगमध्ये हे मागितलेले नसते आणि यंत्राने ते होत नाही. कडेवर अगदी पुसट चकाकी राहते, ती माहीत असलेल्यालाच दिसते.

"हे बघ," काका मुलाला म्हणाले.

त्याने पाहिले. बराच वेळ पाहिले, म्हणजे त्याला पहिल्या नजरेतच कळले असावे.

"तुझ्याकडचं?"

"माझ्याकडचंच दिसतंय."

"तुला माहीत होतं?"

"स्पिंडल आहे हे कळत होतं, बाबा. कुठल्या ड्रिलचं, ते विचारायची पद्धत नाही. ड्रॉइंगवर नुसता नंबर असतो."

"नंबर," काका म्हणाले. "दगडाचा हात मारायला त्यांनी सांगितलं होतं?"

"नाही. सवय आहे."

"चांगली सवय आहे."

काकूंनी दारातून हाक मारली. "अहो, जेवण गार होतंय. ते यंत्र काही पळून जात नाही."

"पळून कुठं जातंय," काका म्हणाले, "लांबून आलंय बिचारं."

निवेदनातला हिरव्या ड्रिलच्या दोषांचा भाग त्यांनी गाळून टाकला.

त्या काळी दिल्लीत एकट्या कारखानदाराचे निवेदन कोणी फारसे वाचत नसे. संघटनेचा ठराव जोडलेला लागे. तेव्हा पुढच्या मासिक सभेत ठराव आणायचा असे ठरले: विजेची हत्यारे शुल्ककपातीच्या यादीतून वगळावीत. सभेच्या आधी काका सभासदांच्या गाळ्यांवर जाऊन आले. संध्याकाळी आमच्या घरी आले तेव्हा बरे दिसत होते.

"सगळे काय म्हणाले?" मी विचारले.

"कोणाचा विरोध नाही."

"पाठिंबा आहे?"

"अगं, विरोध नाही म्हणजे पाठिंबाच. आपल्याकडे तिसरा प्रकार कुठला आहे?"

त्यांना एक गोष्ट दिसत नव्हती, आणि मलाही ती तेव्हा नीट दिसली नाही. उदारीकरणानंतरच्या वर्षांत संघ आतून बदलला होता. पूर्वी सभासद पूर्ण वस्तू करत: कोणी मिक्सर, कोणी पंप, कोणी वजनकाटे. एकेकाने ते सोडले होते. मिक्सरवाले आता परदेशी धुलाईयंत्रात बसणाऱ्या पुल्या करत होते. वजनकाटेवाले कुठल्याशा यंत्राच्या स्प्रिंगा करत होते. अध्यक्ष स्वतः दाबमापक करायचे, ते आता पितळी तोट्या वळून बाहेर पाठवत. गेटवरच्या पाट्या कोणी बदलल्या नव्हत्या, त्यामुळे काका गाळ्यांवर गेले तेव्हा त्यांना जुन्याच पाट्या दिसल्या. यातल्या बऱ्याच जणांचा माल बाहेर जाऊन, दुसऱ्या कशाच्या तरी पोटात बसून, परत इथल्याच बाजारात येत होता. हे सभेत कोणी बोललेले नव्हते. आपण पूर्ण वस्तू करायचे सोडले, हे काकांसमोर कबूल करणे जड जात असावे.

सभा नेहमीप्रमाणे बँकेच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात भरली. हजेरी चांगली होती. काकांचा विषय तिसरा होता. आधीच्या दोन विषयांना, रस्त्याची दुरुस्ती आणि वीज जाण्याच्या वेळा, कोणी हलले नाही. तिसरा विषय पुकारला तसे मागच्या रांगेतले दोघे उठले. ते नेहमीचेच होते. मग मधल्या रांगेतले पुलीवाले उठले, आणि काकांकडे पाहून थोडे वाकले, लग्नातून लवकर निघताना वाकतात तसे. त्यांच्या मागे स्प्रिंगवाले. मग एकाच वेळी पुष्कळ खुर्च्या सरकल्या. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आपण एकटेच शिष्टाचार पाळत आहोत असा भाव होता. दारापाशी गर्दी झाली तेव्हा तो भाव गेला.

चुलतभाऊ माझ्या पुढच्या खुर्चीवर होता. तो सर्वांत शेवटी उठला. काकांनी मागे वळून पाहिले नाही.

अध्यक्षांना चहाला जाता येत नसे. त्यांनी ठराव वाचला, चष्मा पुसला आणि उरलेली डोकी मोजली. परत मोजली. संघाच्या घटनेप्रमाणे ठरावाच्या वेळी सभागृहात ठरावीक सभासद असावे लागत, त्याला गणसंख्या म्हणत. ती कधी कमी पडली नव्हती, कारण आजवर दोघातिघांपेक्षा जास्त लोक कधी खाली गेले नव्हते.

"गणसंख्या नाही," अध्यक्ष म्हणाले.

"बोलवा त्यांना," काका म्हणाले.

शिपाई खाली जाऊन आला. "चहा झाला की येतो म्हणतायत."

"सगळे?"

"कप कमी पडलेत. पाळीपाळीनं घेतायत."

कोणीतरी हसले आणि लगेच थांबले. अध्यक्षांनी विषय पुढे ढकलल्याची नोंद केली. याद्या दिल्लीत त्याच महिन्यात पक्क्या होणार होत्या, आणि पुढची सभा पुढच्या महिन्यात होती. हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होते. चौथा विषय गणेशोत्सवाच्या वर्गणीचा होता. त्याला सगळे वर आले.

सभा संपल्यावर जिन्यावर बापलेकांची गाठ पडली. मी एक पायरी मागे होते.

"तू का गेलास?" काकांनी विचारले. आवाज चढलेला नव्हता.

"वर बसलो असतो तर तुमच्याविरुद्ध हात वर करायची वेळ आली असती. ते मला जमलं नसतं."

"मग केला नसतास."

"माझ्याकडं पण माणसं आहेत, बाबा. ती ड्रिल इथं विकली गेली नाहीत तर माझी ऑर्डर कमी होते."

"ते कळतं मला. मी वेगळं विचारतोय. तुम्ही सगळे वर बसून गप्प राहिला असतात तर काय झालं असतं?"

चुलतभाऊ जिन्याच्या कठड्याला टेकला.

"गणसंख्या झाली असती," काका म्हणाले. "हरकत कोणी घेतली नसती. कारण माझ्या तोंडावर हात वर करणारा यात एकही नाही. ठराव एकमतानं झाला असता. तुम्ही सगळ्यांनी मान ठेवला माझा. त्याच्याऐवजी विरोध केला असतात तर चाललं असतं."

खाली पुलीवाले उभे होते. त्यांनी काकांना चहा विचारला. काका म्हणाले, "उरलाय का?"

त्या महिन्याच्या अखेरीस वाणिज्य खात्यातले एक अधिकारी उद्योजकांची मते ऐकायला पुण्यात आले. अध्यक्षांनी ओशाळून काकांना अगदी शेवटी दोन मिनिटे मिळवून दिली. अधिकारी तरुण होते, सौम्य होते, आणि त्यांनी कागद वाचलेले होते. ते हिंदीत बोलत होते आणि काका मराठी वळणाच्या हिंदीत. मी दोघांचे बोलणे मराठीत देते.

"आपण कोणत्या संघटनेतर्फे?"

"माझ्यातर्फे."

"संघटनेचा ठराव असता तर बरं झालं असतं. तसे ठराव दुसऱ्या बाजूनं पुष्कळ आलेत."

"दुसरी बाजू म्हणजे कोण? ते लोक?"

"नाही, इथलेच. सुट्या भागांचे निर्यातदार, दुकानदार." अधिकाऱ्यांनी एक कागद बाजूला घेतला. "त्या ड्रिलमध्ये आपल्या देशातला माल जातो. तुमच्या शहरातलाही जातो म्हणतात."

"माझ्या घरातलाही जातो," काका म्हणाले.

अधिकाऱ्यांना हे कसे घ्यावे कळले नाही. ते समजावून सांगू लागले, आणि मला तरी त्यांचे सांगणे टाळाटाळीचे वाटले नाही. त्या देशाने आपल्या सुट्या भागांवरचे शुल्क आधीच उतरवले होते, कारण त्यांच्याच कारखान्यांना ते हवे होते. आपल्या स्पिंडलवर शुल्क लावून त्यांना स्वतःचे ड्रिल महाग करायचे नव्हते. आता तोच हिशेब आपल्या बाजूला लागू होत होता. त्यांचे ड्रिल इथे अडवले तर त्याच्या पोटातले आपले स्पिंडलही अडते. शुल्क परक्यावर लावायला जावे आणि त्यातले काही आपल्याच माणसावर पडावे, असे ते होते.

"आणि माझं बंद पडलं तर कोणावर पडतं?" काकांनी विचारले.

"तुमच्या ड्रिलमध्ये बेअरिंग कुठलं असतं?"

काकांनी देशाचे नाव सांगितले. तोच देश होता.

"म्हणजे तुम्हाला संरक्षण दिलं की त्यातलं थोडं त्यांच्या बेअरिंगवाल्याच्या पदरात जातं."

"म्हणजे माझं ड्रिल थोडं त्यांचं, आणि त्यांचं ड्रिल थोडं आपलं."

"तसंच झालंय आता सगळीकडे."

"मग शेडमध्ये तारा गुंडाळणाऱ्या बायका आहेत, त्या कोणाच्या? त्या पूर्ण इथल्याच आहेत. त्यांच्यात बाहेरचं काही बसवलेलं नाही."

"लिहून घेतो," अधिकारी म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच लिहून घेतले. मी पहिल्या रांगेतून पाहिले.

बाहेर येऊन काकांनी स्कूटरला किक मारली, ती लागली नाही, पुन्हा मारली. "माणूस खोटं बोलला नाही," ते म्हणाले. "आपल्याला खोटं बोलणाऱ्यांची सवय आहे. त्यांच्याशी भांडता तरी येतं."

यादी जाहीर झाली तेव्हा विजेची हत्यारे तीत होती. शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार होते. बातमी मी लिहिली, एका स्तंभात. उपसंपादकाने मथळा दिला: हत्यारे स्वस्त होणार. तो चुकीचा नव्हता.

त्यानंतरच्या काळाचे सांगण्यासारखे फार नाही. रविवार पेठेतल्या दुकानदाराने शब्द पाळला. फोन घेई, विचारपूस करी, ऑर्डर देत नसे. आधी बायकांचे काम अर्धा दिवस झाले, मग एक दिवसाआड. त्यांतल्या दोघी शेजारच्या नव्या सोसायट्यांमध्ये धुण्याभांड्याला लागल्या. तारा गुंडाळून पक्की झालेली बोटे तिथे कोणाला नको होती. एका फिटरने गावी जातो म्हणून सांगितले आणि गेला. काका रोज सकाळी शेड उघडत. यंत्रांना तेल देत. काही ड्रिल स्वतः जुळवत आणि फळीवर ठेवत. काकू मला एकदा स्वयंपाकघरात म्हणाल्या, "विकली जात नाहीत तर करतात कशाला, असं विचारलं मी. म्हणाले, हात विसरतील."

पुणेही तोवर दुसरीकडे बघू लागले होते. आमच्या दैनिकात उद्योगाचे पान म्हणजे खराडीच्या, हिंजवडीच्या आयटी कंपन्यांचे पान झाले. कारखाना बंद पडल्याच्या बातमीला जागा मागावी लागे. चुलतभावाची मुलगी खराडीतल्या एका कंपनीत लागली. त्यांचे सॉफ्टवेअर परदेशी कारखानदारांना सांगे की कुठला भाग कुठल्या देशातून उचलला तर शुल्क कमीत कमी लागेल. दिवाळीच्या फराळाला तिने हे आजोबांना उत्साहाने समजावले.

"म्हणजे दोन देशांनी करार केला की तुमच्या यंत्राला लगेच कळतं?" काकांनी विचारले.

"हो. त्याच दिवशी अपडेट होतं, आजोबा. सोर्सिंग शिफ्ट करायला मग फार वेळ लागत नाही."

"आम्हाला वर्तमानपत्रात कळायचं," काका म्हणाले. "तोवर बरं चाललेलं असायचं." आणि त्यांनी चकलीचा डबा तिच्याकडे सरकवला.

शेवटी चुलतभावानेच विषय काढला. शेडची जागा बिल्डर मागत होता, ते नंतर बघता येईल; पण उरलेल्या फिटरला आणि तीन बायकांना तो भोसरीला घ्यायला तयार होता. बायकांना तारांचे काम मिळणार नव्हते, तपासणीचे आणि पॅकिंगचे मिळेल. एकच अट होती: काकांनीही यायचे. परदेशी गिऱ्हाईक माल परत पाठवू लागले होते, आणि स्पिंडल हातात घेऊन खोट सांगणारे माणूस त्याच्याकडे नव्हते.

"म्हणजे मी शिंप्याकडं कामाला," काका म्हणाले.

"तुम्ही नाही आलात तर त्यांना कसं घेऊ? माझ्याकडं आधीच माणसं जास्त आहेत."

काकांनी दोन दिवस घेतले आणि हो म्हणाले. शेडवरची पाटी त्यांनी स्वतः उतरवली नाही. बिल्डरच्या माणसांनी ती पत्र्यांबरोबर काढली.

भोसरीच्या गाळ्यात त्यांना खिडकीजवळ टेबल मिळाले. समोर स्पिंडलांचे ट्रे येत. ते एकेक उचलत, फिरवत, कडेवरून अंगठा फिरवत आणि डाव्या किंवा उजव्या ट्रेमध्ये ठेवत. मी गेले की खुर्ची मागवत, पण काम थांबवत नसत. एका वर्षी ऑर्डर अर्धी झाली. त्या पूर्वेकडच्या देशाने आणखी एका देशाशी करार केला होता आणि अर्धी स्पिंडले आता तिकडून जाऊ लागली होती. चुलतभाऊ हे सांगताना हिशेब केल्यासारखा बोटांची पेरे मोजत होता. काकांनी ऐकून घेतले. "तिकडं दगडाचा हात मारतात का?" एवढेच त्यांनी विचारले. चुलतभावाला माहीत नव्हते.

एका दुपारी मी तिथे बसले असताना कसबा पेठेतला एक सुतार आला. पन्नाशीचा, खांद्याला कापडी पिशवी. कोथरूडला गेलो तर शेड नाही, तिथल्या वॉचमनने इथला पत्ता दिला म्हणाला. पिशवीतून त्याने काकांच्या कारखान्याचे ड्रिल काढले. पितळी पट्टी घासून गुळगुळीत झाली होती, अक्षरे चाचपून लागत होती.

"फिरतंय, पण पातं डगमगतं," तो म्हणाला. "भोक सरळ पडत नाही."

काकांनी ते मिनिटभरात खोलले. स्पिंडल झिजले होते. त्यांच्याकडे जुने स्पिंडल एकही नव्हते, यंत्रे भंगारात गेली होती. त्यांनी डाव्या ट्रेमधून, नापास मालातून, त्यातल्या त्यात बरे निवडले आणि बसवून पाहिले. बसले नाही. दुसरे पाहिले. जाडी थोडी वेगळी होती, आटेही वेगळे होते. तिसरे त्यांनी उचलले नाही.

"लेथवर वळून देता येईल का?" सुताराने विचारले. "समोरच यंत्र दिसतंय."

काकांनी मुलाकडे पाहिले. चुलतभाऊ म्हणाला, "बाबा, एकासाठी सेटिंग मोडायचं म्हणजे... आज डिस्पॅच आहे."

"नाही, नाही. मोडू नकोस." काकांनी ड्रिलचे भाग परत जागच्या जागी बसवायला घेतले. "नवीन घ्या," ते सुताराला म्हणाले. "रविवार पेठेत मिळेल. हिरवं असतं."

"बाहेरचं?"

"हो."

"टिकतं का?"

"स्पिंडल टिकतं," काका म्हणाले. "बाकीचं मला सांगता यायचं नाही."

सुताराने ड्रिल पिशवीत घातले. मग खिशात हात घालून विचारले, "खोललंत, जोडलंत. तुमचे किती झाले?"

"काही नाही," काका म्हणाले. "दुरुस्त कुठं झालं?"

सुतार गेला. काकांनी कापडाला हात पुसले आणि पुढचा ट्रे ओढून घेतला.